पिग्मीवाला, मटकेवाला आणि तुमची बंद पडलेली एसआयपी

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तिशीच्या आतला मुलगा आहे, पुण्यात आयटीत नोकरी करतो. त्याचं म्हणणं असं, की "चार वर्षांत तीनदा एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम) चालू केली आणि तीनदा बंद केली. जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि दीड महिना गेलो. दोन ऑनलाइन कोर्स अर्धवट पडलेत. मधे ऑप्शन्समधे (शेअर बाजाराच्या चढउतारावरचे मुदतीचे सौदे) एक लाख चाळीस हजार घालवले. बाबा म्हणतात तुमच्या पिढीला सगळं लगेच पाहिजे, कशाला चिकटून राहायची सवयच नाही. तुम्ही इतकी वर्षं लोकांचे पैसे सांभाळताय, खरंच माणसं बदललीत का? आणि माझ्यासारख्याने करायचं काय?"

सांभाळतोय हा शब्द जरा मोठा झाला भावा. मी पैसे सांभाळत नाही, लोकांना त्यांच्याच पैशापासून लांब ठेवायचं काम करतो. 1996 साली इचलकरंजीत एका पतपेढीचा पिग्मी एजंट (रोज दारात जाऊन बचत गोळा करणारा) म्हणून सुरुवात केली, मग विम्याची एजन्सी घेतली, 2004 पासून म्युच्युअल फंड. त्यामुळे गल्लीत सायकल मारून रोजचे पाच-दहा रुपये गोळा करण्यापासून ते फोनवर एसआयपीचं मॅन्डेट (दर महिन्याला पैसे कापायची बँकेला परवानगी) करण्यापर्यंत सगळं याच हातांनी केलंय. जिम आणि कोर्सवर मला बोलता येणार नाही, माझं स्वतःचं पोट बघून तुम्हीच म्हणाल गप बसा. पैशावर बोलतो, बाकीचं त्यावरून तुम्हाला लागेल तसं घ्या.

तुमच्या बाबांच्या पिढीचंच सांगतो, कारण मी त्यातलाच. माझी लाइन होती यंत्रमागांच्या भागात. पानपट्ट्या, चहाच्या गाड्या, किराणा, छोटे खर्चीवाले (दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे), दोन-तीन सायझिंगमधले (सुताला खळ लावायचे कारखाने) कामगार. आणि त्याच गल्लीत माझ्यासारखाच अजून एक माणूस हिंडायचा, मटक्याची चिठ्ठी लिहिणारा. मी दहा रुपये मागायचो, तो पण दहा मागायचा. त्याचा निकाल त्याच दिवशी, माझा वर्षाने. तुम्हाला काय वाटतं, त्या धीराच्या पिढीने कुणाला जास्त दिले असतील? मी डोळ्याने बघितलंय, एकाच पानपट्टीवर एकाच गल्ल्यातनं आधी त्याला वीस आणि मग मला दहा. ओपन लागला, क्लोज गेला (मटक्याचा पहिला आणि दुसरा आकडा), यावर अर्धा तास चर्चा. आणि माझ्या कार्डावर सही घेताना "लवकर कर, गिऱ्हाईक उभं आहे."

मटका काय आजचा नाही. सुरुवातीला न्यूयॉर्कहून मुंबईत कापसाचे भाव यायचे त्याच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे, ते 1961 ला बंद झालं, मग 1962 ला कल्याणजी भगतने कल्याण मटका काढला, दोन वर्षांनी रतन खत्रीचा आला, आणि गिरणगावापासून आमच्या मागांपर्यंत सगळीकडे पसरला. म्हणजे 'लगेच पाहिजे' ही भूक मोबाइलने आणली असं जे कोण सांगतं त्याला मी एवढंच म्हणतो की आमच्या गल्लीत एक चक्कर मारायची होतीस 1997 ला.

मग तरी पण पिग्मी भरली जायचीच ना? हो, जायची. आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. पिग्मी ही कर्नाटकातल्या किनारपट्टीच्या भागातली आयडिया, सिंडिकेट बँकेने 1928 साली रोज दोन आणे घरी जाऊन गोळा करायची योजना काढली होती. व्याजदराने ती कधीच चालली नाही, ती चालली माणूस दारात येतो म्हणून. मी रोज सकाळी अकराच्या आसपास पानपट्टीवर उभा राहायचो. त्या माणसाला 'आज बचत करू का नको' असा विचार करायला जागाच नव्हती, त्याला मला तोंडावर 'आज नाही' म्हणावं लागायचं आणि ते पण शेजारचा चहावाला ऐकत असताना. आपल्याकडे माणूस उपाशी राहील पण शेजाऱ्यासमोर नाही म्हणणार नाही. भिशीचं तसंच. बारा बायका, महिन्याला पाचशे, एकीने एकदा चुकवलं तर पुढचे सहा महिने हळदीकुंकवाला तोच विषय. माझ्या आईने आयुष्यात एक एफडी केली नाही पण भिशीचा हप्ता एकदाही चुकवला नाही, एकदा तर त्यासाठी मंगळसूत्रातल्या दोन वाट्यांतली एक ठेवलीये सराफाकडे, आणि हे आम्हाला कळलं ती गेल्यावर.

आता याचा उलटा पुरावा देतो, कारण नुसतं 'मला वाटतं' याला काही अर्थ नाही. 1998 च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि मी जवळजवळ महिनाभर घरात पडून होतो. पतपेढीने बदली माणूस दिला नाही. परत गेलो तरी एकशे साठ खात्यांपैकी पन्नासेक लगेच चालू झाली नाहीत, त्यातली निम्मी नंतर पण झालीच नाहीत. माणसं तीच, गल्ली तीच, पैसे पण तेवढेच. पतपेढीचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर होतं, कुणीही जाऊन भरू शकलं असतं. गेली फक्त एक म्हातारी, भाजी विकायची, ती रोज जाऊन भरत होती आणि क्लार्क वैतागला होता तिच्यावर. एकशे साठात एक. मी तेव्हापासून 'पूर्वीच्या लोकांना शिस्त होती' हे वाक्य म्हणायचं सोडून दिलं. शिस्त माझ्या सायकलला होती.

आता आजचं बघा. माझी सायकल गेली आणि मटकेवाला पण गल्लीतनं गेला, दोघंही तुमच्या खिशात आलेत. फरक असा की खिशातला पिग्मीवाला मुका आहे, महिन्यातून एकदा गुपचूप पैसे कापतो आणि एक मेसेज टाकतो जो तुम्ही वाचत नाही. मटकेवाला मात्र दिवसभर बोलतोय. एकाच ॲपमधे, एकाच स्क्रीनवर, एसआयपी पण आहे आणि ऑप्शन्स पण. बँक निफ्टी या बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाचे वीकली ऑप्शन्स 2016 ला आले, निफ्टी या मुख्य निर्देशांकाचे 2019 ला, म्हणजे महिन्याचा निकाल आठवड्यावर आला आणि नंतर सेन्सेक्स, फिननिफ्टी, मिडकॅप असं करत करत एक वेळ अशी आली की रोज कशाची तरी एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत संपायचा दिवस. रोज ओपन, रोज क्लोज. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. सेबीने (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) शेवटी 1 ऑक्टोबर 2024 ला नियम काढले, एका एक्स्चेंजला एकच वीकली आणि कॉन्ट्रॅक्टची साइज वाढवून पंधरा लाखांच्या वर, तेव्हा जरा आवरलं.

तुमचे एक लाख चाळीस हजार गेले म्हणून तुम्हाला वाटतंय तुम्हीच मूर्ख, तर सेबीचाच अभ्यास आहे सप्टेंबर 2024 चा: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या साध्या माणसांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. म्हणजे तुम्ही सरासरीपेक्षा स्वस्तात सुटलात असं समजा. त्यात अजून एक आकडा होता जो मला जास्त लागला, तो म्हणजे तिशीच्या आतल्यांचा हिस्सा एका वर्षात 31 टक्क्यांवरून 43 वर गेला. आणि तीन चतुर्थांश लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं. ही श्रीमंत पोरांची मजा नाही. महिन्याला तीस-पस्तीस हजारवाला पोरगा पगाराच्या दुसऱ्या दिवशी कॉल ऑप्शन उचलतोय, आणि माझ्या समोर बसून मला विचारतो, "काका, बारा टक्के? वर्षाला?" त्या 'वर्षाला' मधे जो कंटाळा असतो ना, तो मला मटक्याच्या दिवसांपासून ओळखीचा आहे.

आयपीओचं (कंपनीची पहिली शेअर विक्री) पण तेच. सेबीने एप्रिल 2021 ते डिसेंबर 2023 मधले 144 आयपीओ तपासले, तर साध्या गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअर्सपैकी किंमतीच्या हिशेबाने निम्मे एका आठवड्यात विकलेले. आणि वीस टक्क्यांच्या वर फायदा दिसला की हे प्रमाण दोन तृतीयांशावर. फायदा आठवड्यात विकतात, तोट्यातला शेअर मात्र वर्षानुवर्षं धरून बसतात की वर येईल. म्हणजे बघा, चिकटून राहायची ताकद तर आहे माणसात, फक्त नको तिथे आहे!

पण सगळा दोष ॲपवर टाकून मोकळं व्हायचं तर मी खोटा ठरेन, कारण मधे एक गोष्ट घडली ती सांगायलाच पाहिजे. ज्या पतपेढीसाठी मी सायकल मारली ती काही वर्षांनी अडचणीत आली. संचालकांच्या पाव्हण्या-रावळ्यांना कर्जं, ती थकली, मग एक दिवस शटर अर्धं खाली. मी तोवर ते काम सोडलं होतं पण लोकांना काय, त्यांच्या दृष्टीने पैसे मी नेले होते. ती भाजीवाली म्हातारी, महिनाभर माझ्याशिवाय रोज जाऊन भरणारी, तिचे अठरा हजार अडकले. काही मिळाले पुढे, बरेच नाही मिळाले. तिचा नातू आज पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याला मी एकदा म्हणलं एखादी एसआयपी कर, तो हसला नुसता. त्याने रोज गेमवर पैसे लावले तर मी कुठल्या तोंडाने त्याला 'धीर धर' सांगू? त्याच्या घरात धीर धरणारी एकच बाई होती आणि तिचं काय झालं ते त्याने बघितलंय. आणि ही एका गावाची गोष्ट नाही, 2019 मधे मुंबईच्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते.

लहान पोरांना एक गोळी आत्ता की थांबलास तर दोन, असा एक जुना अमेरिकन प्रयोग आहे, मार्शमॅलोचा, वॉल्टर मिशेलचा. मोटिव्हेशनवाले तो सांगून सांगून थकत नाहीत, जो थांबला तो आयुष्यात पुढे गेला वगैरे. त्यांना त्याच्या पुढचं माहिती नसतं. 2018 ला मोठ्या संख्येने मुलं घेऊन परत तपासलं तर घरची परिस्थिती धरल्यावर तो फरक बराच बारीक झाला. आणि 2013 ला अजून एक केला होता तो मला फार आवडतो: आधी मुलांना एका बाईने चांगले रंग आणून देते म्हणून सांगितलं, अर्ध्यांना आणून दिले आणि अर्ध्यांना 'सॉरी, नाहीयेत' म्हणाली. मग गोळीचा खेळ. ज्यांना फसवलं होतं ती पोरं सरासरी तीन मिनिटं थांबली, बाकीची बारा. तीच वयं, तशीच पोरं. फसलेल्या पोराने गोळी लगेच खाल्ली यात त्याचं काय चुकलं?

आता माझं पाप पण सांगतो. 2005 ते 2008 च्या तेजीत नवा फंड आला की आम्ही एजंट लोक "दहा रुपयाला युनिट मिळतंय" म्हणून विकायचो, जसं काही दहा रुपयाचं युनिट स्वस्त आणि पन्नासचं महाग. तसं काही नसतं, पण त्यात एन्ट्री लोड (पैसे घालतानाच कापली जाणारी फी) होता सव्वादोन टक्क्यांचा आणि त्यातलं कमिशन आम्हाला लगेच मिळायचं. मग काय, चांगल्या चाललेल्या फंडातनं गिऱ्हाईक काढायचं आणि नव्यात घालायचं. मी पण घातलं. दोन वर्षांत तीन फंड फिरवलेली माणसं होती माझ्याकडे आणि फिरवणारा मीच. 1 ऑगस्ट 2009 पासून सेबीने एन्ट्री लोड बंद केला, पुढे 2018 ला आगाऊ कमिशन पण गेलं, आता तुमचे पैसे जितकी वर्षं राहतील तितकी वर्षं मला थोडं थोडं मिळतं. त्यानंतर अचानक आम्ही सगळे 'लाँग टर्म'चे भक्त झालो बघा. हे यासाठी सांगतोय की एसआयपी थांबवू नका असं मी म्हणतो तेव्हा त्यात माझा पण फायदा आहे हे डोक्यात ठेवून ऐका. आणि हे पण, की माझ्यात शिस्त प्रवचनाने आली नाही, पैसे मिळायची पद्धत बदलली तेव्हा आली.

बरं, एसआयपीच का सुटते, ऑप्शन्स का नाही सुटत? कारण एसआयपीची सुरुवातीची वर्षं खरोखर कंटाळवाणी असतात आणि हे आम्ही विकताना सांगत नाही. महिन्याला पाच हजार, वर्षाला सरासरी बारा टक्के धरून चला (मिळतीलच असं नाही, हिशेबापुरतं). पाच वर्षांनी तुम्ही तीन लाख घातलेत आणि दिसतात चार लाख बारा हजार. दहा वर्षांनी साडेअकरा लाख. पंधराला सव्वापंचवीस. आणि विसाव्या वर्षी जवळजवळ पन्नास. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत जेवढं झालं तेवढंच परत शेवटच्या पाचात. हे वाचायला भारी वाटतं, पण ज्याचं पहिलं दीड वर्षच चालू आहे त्याला काय दिसतं, नव्वद हजार घातले आणि नव्याण्णव झाले, किंवा मार्केट पडलं असेल तर ब्याऐंशी. तुम्ही तीनदा सोडलीत आणि तीनदा त्याच कंटाळवाण्या भागात सोडलीत, पुढचा भाग तुम्ही बघितलाच नाहीये. दर वेळी पहिलीच्या वर्गात बसायचं आणि म्हणायचं शाळेत काही शिकवत नाहीत.

आणि हा रोग फक्त तुमचा नाही. सप्टेंबर 2024 ला निफ्टी सव्वीस हजारांच्या वर होता, मार्च 2025 पर्यंत बावीस हजारांपर्यंत आला. जानेवारी 2025 मधे देशात जेवढ्या नवीन एसआयपी चालू झाल्या त्यापेक्षा जास्त बंद पडल्या. पेपरवाल्यांनी लगेच 'तरुणांचा धीर सुटला' असं छापलं. पण त्याच महिन्यात एसआयपीतून आलेली एकूण रक्कम सव्वीस हजार कोटींच्या वर होती, आणि 2021 च्या सप्टेंबरला ती पहिल्यांदा दहा हजार कोटी झाली होती. म्हणजे राहणारे पण भरपूर आहेत, आणि बंद पडलेल्यांत मुदत संपलेल्या पण येतात, एका ॲपवरून दुसऱ्यावर गेलेल्या पण येतात. माझ्याकडे त्या चार-पाच महिन्यांत ज्यांनी बंद करा म्हणून फोन केला त्यातले बहुतेक 2021 नंतर आलेले, ज्यांनी कधी पडतं मार्केट बघितलंच नव्हतं. मार्च 2020 ला निफ्टी साडेसात हजारांपर्यंत गेलेला ज्यांनी बघितला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरला तेरा हजार बघितला, त्यातल्या एकाचाही फोन नाही. धीर वगैरे काही नाही हो, एकदा बघून झालेलं असतं एवढंच.

आता करायचं काय. मी तुम्हाला मनाचा निग्रह करा असं सांगणार नाही कारण तो माझ्याकडे पण नाही. दारात माणूस उभा करा आणि बाहेर पडायचा रस्ता जरा अवघड करा, दोनच गोष्टी. पहिलं आजच्या आज, ब्रोकरच्या ॲपमधे जाऊन एफ अँड ओ सेगमेंट बंद करायची सोय असते, ती वापरा. परत चालू करता येतं पण त्याला जरा खटाटोप लागतो, आणि त्या खटाटोपात बऱ्याच वेळा डोकं ताळ्यावर येतं. मग एसआयपी ज्या ॲपवर ट्रेडिंग करत होता तिथे नको, दुसरीकडे. फंडाचं खातं आईबरोबर जॉइंट काढा, दोघांची मंजुरी लागेल असं, एकट्याने काढता येणार नाही असं. पैसे काढायचे तर आईला फोन करून कारण सांगावं लागेल, ओटीपी मागावा लागेल. तुम्ही म्हणाल लाज वाटते, तर तेच तर पाहिजे आहे मला. माझ्या पिग्मीत दुसरं होतं काय?

रक्कम कमी ठेवा. तुम्ही तिन्ही वेळा पंधरा हजारांनी सुरुवात केलीत असं लिहिलंय, उत्साहात मोठा आकडा टाकायचा आणि तिसऱ्या महिन्यात भाडं, ट्रिप, भावाचं लग्न आलं की बंद. चार हजारांनी करा. दर वर्षी पगार वाढला की हजार वाढवा, टॉप-अपचा पर्याय आधीच टिक करून ठेवता येतो, म्हणजे तेव्हा परत ठरवायला नको. तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची, महिनाअखेरीची कधीच नाही, कारण खात्यात पैसे नसले आणि सलग तीन हप्ते परत गेले की एसआयपी आपोआप बंद पडते, आणि बऱ्याच जणांना ते सहा महिन्यांनी कळतं. अडचण आली तर बंद करू नका, पॉज करा, दोन-तीन महिन्यांचा मिळतो. आणि त्याला नाव द्या. 'फ्लेक्सी कॅप डायरेक्ट ग्रोथ' या नावावर कुणाचा जीव जडत नाही. माझ्याकडे ज्यांनी पोरीच्या नावाने, घराच्या नावाने, एकाने तर कैलास मानसरोवराच्या नावाने चालू केलीये ती टिकलीत. कैलासवाल्याने 2020 मधे धंदा बंद असताना सगळं मोडलं, सोनं पण ठेवलं, ती एक मोडली नाही.

थोडे पैसे मात्र असे ठेवा जे काढताच येत नाहीत. पीपीएफ (सरकारी बचत योजना) पंधरा वर्षांचा, पहिली काही वर्षं हात लावता येत नाही, लोक त्याला नावं ठेवतात, मला तोच त्याचा गुण वाटतो. फिलिपिन्समधे एका बँकेने असं खातं काढून बघितलं होतं, व्याज जास्त नाही काही नाही, उलट ठरलेली रक्कम किंवा तारीख येईपर्यंत पैसे अडकलेले. विचारलेल्यांपैकी 28 टक्के लोकांनी स्वतःहून घेतलं! आणि ज्यांना विचारलं त्या गटाची बचत वर्षात बाकीच्यांपेक्षा 80 टक्क्यांनी जास्त वाढली. आपल्याकडे मातीचा गल्ला हेच काम करायचा, फोडल्याशिवाय निघत नाही आणि फोडला की घरात सगळ्यांना आवाज जातो.

एक गोष्ट उलट बाजूची. सगळ्यालाच चिकटून राहू नका. माझ्याकडे माणसं येतात, दहा वर्षं हप्ते भरतायत अशा पॉलिसीचे जी त्यांना कधीच नको होती, मेव्हण्याने गळ्यात मारलेली, आणि अभिमानाने सांगतात एक हप्ता चुकवला नाही. मी म्हणतो बसा, हिशेब करू, आणि बऱ्याच वेळा हिशेबात थांबलेलं बरं निघतं. तुमचे बाबा 'आमच्या वेळी' म्हणतात त्यात पण असं बरंच होतं. मी पिग्मी गोळा करायचो तेव्हा सात-आठ बायका होत्या ज्यांचं खातं नवऱ्याला माहिती नव्हतं, कार्ड माझ्याकडेच ठेवायच्या, घरी नेलं तर सापडेल म्हणून. त्यातल्या दोघींच्या अंगावर मी वळ बघितलेत. त्यांची लग्नं टिकली, तीस-तीस वर्षं टिकली. त्यांना कुणी विचारलं नाही की कमिटमेंट आहे का. आज त्यातल्या एकीची सून वेगळी राहते, पोरगा घेऊन, आणि सासू तिला गुपचूप महिन्याला दोन हजार देते. तेव्हा हल्ली नाती टिकत नाहीत वगैरे कुणी म्हणत असेल तर ते मला विचारू नका, मला त्यातलं अर्धंच दिसतं आणि जे दिसतं त्यावरून मला जुन्या दिवसांची फार ओढ वाटत नाही.

चौथी एसआयपी करताय तर करा, पण या वेळी पहिल्या पाच वर्षांत ॲप उघडून बघायचं नाही असं ठरवू नका, ते तुमच्याच्याने होणार नाही. बघा, पण महिन्यातून एकदा, आणि एकट्याने नाही. कुणीतरी एक शोधा, मित्र चालेल, ज्याला दर महिन्याला हप्ता गेल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा आणि त्याने तुम्हाला. त्याला फंडातलं काही कळत नसलं तरी चालतं.

माझी ती मागांच्या भागातली पानपट्टी अजून आहे, आता मुलगा बसतो. वडिलांच्या वेळची पिग्मी बुडाली तरी त्याने माझ्याकडे एसआयपी केली हेच मला आश्चर्य. तीन हजारांची आहे, ऑटो डेबिट, माझं तिथे काहीही काम नाही. तरी त्याची अट आहे की सात तारखेला मी यायचं. गेलो की तो गल्ल्याच्या मागून एक छोटी वही काढतो, मी त्यात तारीख टाकून सही करतो, तो पान लावून देतो आणि पैसे घेत नाही. मागच्या महिन्यात लेकीकडे मुंबईला होतो, नाही जमलं. फोन आला, "काका, सही राहिली." म्हणलं अरे पैसे तर कापले गेलेत, मेसेज आला असेल. म्हणाला, "ते गेलेत हो. तुम्ही कधी येताय ते सांगा."

दहाला गेलो.